सायकलवाल्यांची सवत

पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला घाई करून चालत नाही. छापील पानांचे फर्मे जुळवायचे, सुईने शिवायचे, पाठीला खळ लावायची, लोखंडी दाबात ठेवायचं आणि मग हात बांधून गप्प बसायचं. बाइंडरकाकांनी बत्तीस वर्षं हेच केलं. रस्त्याला लागून एक लांबट खोली, दोन खिडक्या, एक कापायचं यंत्र, भिंतीशी पुठ्ठ्यांची चळत आणि दाराच्या आत टेकवून ठेवलेली सायकल. आठवडाभर हा माणूस मान खाली घालून बसायचा. कुणी म्हणालं, "काका, ऊन फार आहे हो," तर "आहे" म्हणायचा. पण रविवारी सकाळी सायकलवर टांग टाकली की अंगात वारं शिरल्यासारखा सुटायचा, आणि बोलायलाही लागायचा.

रविवारी निघणारे आठ-नऊ जण होते. गणिताचे मास्तर, दाताचे डॉक्टर, बँकेतल्या बाई, असे एकेक. नावं सगळ्यांना होती, पण घेतंय कोण! पहाटे निघायचं, पुलापलीकडच्या चढावर धापा टाकायच्या, वळणावरच्या दुकानात चहा प्यायचा आणि एकमेकांची उणीदुणी काढत परतायचं. वरवर पाहता सगळी शहाणीसुरती माणसं. पण सायकलीच्या दुकानापुढून जाताना यांच्या माना आपोआप वळायच्या, आणि घरी धडधाकट सायकल असताना दुसरीचा मोह काही केल्या सुटायचा नाही.

काकांनाही सुटला नाही. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी अशीच एक दुसरी सायकल घेतली आणि सगळं टोळकं ती पोचवायला घरापर्यंत आलं. काकू टपाल कचेरीत खिडकीवर बसायच्या. दिवसभर लोकांची पाकिटं तोलून त्यांच्या बोलण्यालाही नेमकं वजन आलं होतं. त्या दारात आल्या, कमरेवर हात ठेवला, सायकल पुढून पाहिली, मागून पाहिली.

"आणलीत ना शेवटी सवत?" त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बारीक आहे, एवढं मात्र खरं."

मास्तर हसता हसता सायकलसकट फाटकावर आदळले. त्या दिवसापासून टोळक्यात नवीन सायकल कुणी घेतलीच नाही. जो तो सवतच आणू लागला. दुकानात जाऊन नुसतं बघून येणाऱ्याला सवतीचे डोहाळे लागले म्हणायचे. बँकेतल्या बाईंनी सायकल घेतली तेव्हा डॉक्टरांनी शंका काढली, ही सवत कुणाची? "कुणाची म्हणजे?" काकू म्हणाल्या. "नवऱ्याची! पुरुषांना काय सूट आहे?"

मग रीतच पडली. सवत आणली की पहिल्या रविवारी ती काकूंच्या दारात उभी करायची. काकू आतून हात पुसत येणार, सायकल न्याहाळणार आणि शेरा मारणार. तो शेरा मिळेपर्यंत सायकल टोळक्यात आली असं धरत नसत. मास्तरांच्या जाड चाकांच्या सायकलीला त्यांनी विचारलं होतं, "नांगरायला निघालात का मास्तर?" डॉक्टरांच्या सायकलीचं दातेरी चक्र बघून म्हणाल्या, "हिचे दात पुढे आहेत हो डॉक्टर, तुम्हाला कसे दिसले नाहीत?" लोक शिव्या खायला हौसेने येतात म्हणजे काय, ते तिथे बघायला मिळायचं.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. बारा दिवसांचा ताप, दवाखान्यातले चार दिवस, संपलं. काकांनी सायकलवर चादर टाकली. वर्षभर बांधणीची खोली आणि घर, घर आणि बांधणीची खोली. मग एका रविवारी मास्तर येऊन उभे राहिले, त्यांनी चादर काढली, दोन्ही चाकांत स्वतः हवा भरली आणि दाराबाहेर जाऊन वाट बघू लागले. माणूस इतकं करतो म्हटल्यावर जावंच लागतं. काका गेले.

टोळकं तेच होतं. एक नवीन भर पडली होती, मोठ्या दवाखान्यातली एक सिस्टर, चाळिशीची, बोलायला कमी आणि चढावर सगळ्यांच्या पुढे. बाकी चहा तोच, चढ तोच. फक्त काकूंचा शब्द कुठे नव्हता. डॉक्टरांनी आणखी एक सायकल आणली तेव्हा ते चौकीत जबानी दिल्यासारखे म्हणाले, "मी नवीन सायकल घेतली." बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. काकांना लगेच उमगलं. हे आपल्यासाठी चाललंय. बिचाऱ्याची बायको गेली, त्याच्यासमोर सवत कशी म्हणायची!

पहिल्यांदा त्यांना भरून आलं. पुढे पुढे जड व्हायला लागलं. चांगली माणसं त्रास देतात तो असा, तक्रारही करता येत नाही. शब्द तर गेलाच, त्यामागोमाग काकूंचा विषयही गेला. गप्पा त्यांच्याजवळ येताहेत असं वाटलं की कुणीतरी हवापाण्याचं काढायचं. काका ऐकत राहायचे आणि आतून तुटायचे. घरातून ती गेली ते कळण्यासारखं होतं, त्याला इलाज नव्हता. पण इथे, जिथे तिच्या शेऱ्यांवर ही माणसं पोट धरून हसली, तिथूनही तिला काढावं? आणखी चार वर्षांनी नवे लोक येतील आणि तिने असा काही शब्द काढला होता हे कुणाच्या गावीही नसेल. काकांना तिच्या मागे उरलेलं हे एवढंच वाटत होतं, आणि तेही हातचं जात होतं.

या वर्षी पाठीने दगा दिला. आयुष्यभर वाकून पुस्तकं शिवली, वर वाकून बसायची सायकल. मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी ताठ बसायचं फर्मान काढलं. काकांनी उंच हँडलची, रुंद सीटची, फिक्या निळ्या रंगाची सायकल घेतली. आणि खळ लावता लावता आठवडाभर मनात एक भाषण घोटलं. टोळक्याच्या तोंडाला लागलेलं कुलूप आता आपणच काढायचं, असा त्यांचा बेत होता.

रविवारी चहाच्या दुकानापुढे सगळे निळ्या सायकलीभोवती जमले. "छान आहे," डॉक्टर म्हणाले. "नवीन सायकल. छान." काकांनी कप उंचावला.

"काय रे मंडळी, दोन वर्षं ऐकतोय, नवीन सायकल, नवीन सायकल! सवत आणलीय मी, सवत! जुनीला टाकली अडगळीत आणि हिला घेतली घरात. आता म्हणा बघू सगळ्यांनी एकदा मोठ्याने!"

कुणी हसलं नाही. सिस्टरने हातातला कप बाकावर ठेवला, हेल्मेटचा पट्टा लावला आणि "मला ड्युटी आहे" म्हणून ती निघून गेली. रविवारी तिला सुट्टी असते हे काकांनाही ठाऊक होतं.

मास्तरांनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. "काका, काय बोलून बसलात! तुम्हाला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"अहो, तिच्या नवऱ्याने खरोखरच दुसरी बाई घरात आणली. हिच्या डोळ्यांदेखत. ही दोन पिशव्या घेऊन बाहेर पडली. आमच्यात पहिल्यांदा आली त्याच दिवशी डॉक्टरांच्या तोंडून सवत निघालं, तर पोर घरी पोचेपर्यंत रडत होती. मग ठरवलं, बंद."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुमचंच तेव्हा काय कमी होतं? तुमच्या कानावर आणखी कुणाचं दुःख कशाला घालायचं?"

"म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच?" काका म्हणाले.

"काय?"

"काही नाही. शब्द आमच्या हिचा होता, मास्तर. विचारायचं तरी मला एकदा."

घरी येईपर्यंत त्यांना मास्तरांचा राग येत होता. घरी आल्यावर स्वतःचा यायला लागला. "जुनीला टाकली अडगळीत." वा रे बहाद्दर! आठवडाभर घोटलेल्या भाषणातलं हेच वाक्य त्यांना सर्वांत झकास वाटलं होतं. जेवण गेलं नाही. तो शब्द आता राहणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. त्यासाठी भांडावं असंही वाटत होतं आणि भांडायचं कुणाशी तेही समजत नव्हतं.

सोमवारी दुपारी त्यांनी खळीचं भांडं झाकलं, हात घासून धुतले आणि मोठ्या दवाखान्याच्या दारातल्या बाकावर जाऊन बसले. चार वाजता पाळी बदलली. सिस्टर डब्याची पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. काका उठून उभे राहिले.

"काल मी मूर्खासारखं बोललो," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हटलं म्हणून तुझं दुखायचं थोडंच थांबतं."

"बसा हो काका," ती म्हणाली आणि स्वतःही बसली. "खरं सांगू? तो शब्द मला नकोच आहे. उगाच मोठेपणा करून चालेल म्हणणार नाही. पण मी बंद करा म्हणाले नव्हते. दोन वर्षं झाली, मी आले की सगळे बोलता बोलता गिळतात. आणि मग हवापाण्याचं काढतात. मला वाटतं, यांच्या घासात मी खड्यासारखी आलेय."

"अगं, मला वाटायचं ते माझ्यासाठी गिळतात!"

"तुमच्यासाठी?"

काकांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांची जबानी, बुटांकडे लागलेले डोळे, आपण आठवडाभर पाठ केलेलं भाषण. सिस्टरने आधी तोंडावर हात धरला, मग तिला आवरेना. ती हसायला लागली ते बघून काकाही हसले. बाजूला बसलेला पायाला पट्टी बांधलेला माणूस दोघांकडे संशयाने बघू लागला.

"शब्द बंदच ठेवायचा," हसून झाल्यावर काका म्हणाले. "आमच्या हिला हे समजलं असतं ना, तर तिनेच बंद केला असता. वर पहिल्यांदा माझे कान उपटले असते."

"मी कधी बघितलंच नाही त्यांना," सिस्टर म्हणाली. "कशा होत्या हो काकू?"

तीन वर्षांत हे काकांना कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी सांत्वन केलं, डबे आणून दिले, चाकांत हवा भरली, पण कशा होत्या असं विचारलं नाही कुणी. सिस्टरने डब्याची पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली. तिच्या कामात तिला थांबायची सवय असावी. मग काकांनी सुरुवात केली ती टपालाच्या खिडकीपासून, आणि पाच वाजून गेले तरी ते लग्नाच्या चौथ्या वर्षापर्यंतच पोचले होते. सिस्टरने दोन बस सोडल्या.

पुढच्या रविवारी ती आली. टोळकं पुन्हा अवघडलं. काकांनी सगळ्यांना थांबवलं.

"ऐका. सायकलला यापुढे सायकलच म्हणायचं. आम्हा दोघांचं ठरलंय. पण माझ्या बायकोचा विषय निघाला की हवापाण्याचं काढायचं नाही. ती माणूस होती, तुम्ही सगळे तिच्या शिव्या खाऊन बसलेले आहात. जरा आठवण काढत जा."

सगळे निघाले. पुलाआधीच्या सपाट रस्त्यावर मास्तर हळूच काकांच्या शेजारी आले. दोनदा खाकरले.

"काकू असत्या," ते म्हणाले, "तर या सायकलीला म्हणाल्या असत्या, ही आरामखुर्ची कुठून उचलून आणलीत?"

"छे, छे!" मागून डॉक्टर ओरडले. "इतकं सरळ त्या बोलायच्याच नाहीत. आधी सीटवर हात फिरवला असता आणि म्हणाल्या असत्या, उशीही आणायचीत की!"

"रंगावरून बोलल्या असत्या," बँकेतल्या बाई म्हणाल्या. "नक्की रंगावरून."

भांडण जुंपलं. ज्याला त्याला वाटत होतं, काकू आपल्यालाच जास्त कळल्या होत्या. सिस्टर एका कडेने चालवत सगळं ऐकत होती.

"मला वाटतं," ती म्हणाली, "सायकलीकडे त्यांनी बघितलंच नसतं. काकांना म्हणाल्या असत्या, इतकी वर्षं सांगतेय ताठ बसा ताठ बसा, तेव्हा नाही ऐकलंत. परक्या बाईने सांगितलं की बरं ऐकलंत!"

मास्तरांनी काकांकडे बघितलं.

"अगदी असंच," काका म्हणाले. "अगदी असंच म्हणाली असती."

मग पुन्हा गलका सुरू झाला. एरवी पुलावर काका सगळ्यांना मागे टाकतात. त्या दिवशी ते मुद्दाम हळू चालवत होते, कुणाचंही एकही वाक्य सुटू नये म्हणून.