साखरेच्या रिबिनीला तीट

...तसं न्हाई गं मिना, आधी निलमचं लिही, मंग केकचं. निलम म्हंजी आपल्या तांड्यातली, जिवनबाईची सून, देविदासची बायको. पुसेगावाहून रोज जीपमधी बसून हिंगोलीला हरिचंदच्या केकच्या दुकानात जाई. दोन हजार आठ-नऊचं साल असंल. काम काय, तर भांडे घासायचे अन् खोके बांधायचे.

हरिचंद हैदराबादेहून एक नवंच खूळ शिकून आला. पिठीसाखरेची कणीक मळायची, पोळीवानी लाटायची, पट्ट्या कापायच्या अन् त्याचं रिबिनीचं फूल करून केकवर बसवायचं. पोरी शाळंत जाताना येणीला बांधतेत ना, बराबर तसंच, पण खायचं. फॉन्डंट म्हणतेत म्हणे त्याला. हरिचंदच्या हातून मात्र फूल व्हायचंच न्हाई. पाकळ्या ओल्या पापडावानी बसून जायच्या. निलम भांडे घासता घासता बघे अन् गालात हसे. शेवटी तो चिडून म्हणला, हसतीस काहून, तूच कर.

निलमनं केलं. घागऱ्याला चुण्या घालायची सवय होती हाताला. पट्टीच्या मधोमध बारीक चुण्या घातल्या, दोन्ही पाकळ्यांत कागदाच्या सुरळ्या खुपसल्या, वाळल्यावर काढल्या. फूल कसं ताठ उभं. पण हरिचंद लगेच कबूल होतोय व्हय? म्हणला, शिरड शहापूरच्या धम्मानंदची पोरगी हाय, आकांक्षा, तिचा पहिला वाढदिवस हाय. त्या केकवरलं फूल तू कर. गिऱ्हाईक खूश झालं तर तुझे भांडे सुटले, कायमची फुलंच कर. न्हाई झालं तर नांदेडहून कारागीर आणतो.

भांडे घासून निलमचे हात पार फुटले होते. तिनं जीव लावून पांढरंशुभ्र फूल केलं. दुकानात भट्टीच्या गरमीनं साखर मऊ पडून ते वाळंना, म्हणून टोपल्यात घालून घरी आणलं, फळीवर ठेवलं, मुंग्या नकोत म्हणून भवती हळदीची रेघ ओढली.

सकाळी बघती तर पाकळीवर काळा ठिपका. जिवनबाई नातवाला काजळाची तीट लावून राहिली होती, त्याच बोटानं तिनं फुलालाबी लावली.

"याडी, हे काय केलं तुमी?" निलम सासूला याडीच म्हणती, म्हंजी आई.

"नजर लागली असती ना बाई," जिवनबाई म्हणली. "लेकरापरीस गोरं दिसून राहिलं होतं."

निलमला रडावं का हसावं कळंना. काजळ तुपातलं, पुसायला गेली तर पसरलं. मंग ब्लेडनं तेवढं खरवडलं, तर खड्डा पडला. दुसरं फूल करावं तर वाळायला वेळ न्हाई, केक त्याच दुपारी न्यायचा. दुकानात जाऊन तिनं खड्ड्यात चाकलेटचा थेंब भरला. पुन्हा ठिपकाच झाला, पण खायचा तरी.

हरिचंदचं तोंड पडलं. तो बोलणार, तवर धम्मानंद आईला घेऊन दारात. केक बघून म्हणला, तुमी दावलेल्या फोटोत तर असा डाग नव्हता. निलम गपचूप मोरीपाशी जाऊन उभी राहिली, आता हेच भांडे आपले म्हणून.

त्याची आई जनकाबाई केकवर वाकली. "डाग कशाचा रं, तीट हाय ती. पोरीच्या गालाला लावतो, तिच्या केकला नको व्हय? कुणी लावली?"

हरिचंदनं मोरीकडं बोट केलं. जनकाबाईनं निलमला जवळ बोलावलं, तिचे फुटलेले हात हातात घेऊन बघितले, अन् हरिचंदला सांगितलं की नातीच्या दर वाढदिवसाला हिच्याच हातचं फूल पाहिजे.

गिऱ्हाईक गेल्यावर हरिचंद म्हणला, "उद्यापासून भांडे दुसरं कुणी घासंल. पण तुझ्या सासूला फळीपासून लांब ठेव."

निलम आता हिंगोलीलाच राहती, अजून फुलंच करती, गुलाबी, निळी, पिवळी. अन् जिवनबाई तांड्यात सांगत फिरती, सुनेचं काम माझ्या बोटानं पक्कं झालं. एवढं सांगती, पण ते फूल तिनं कधी चाखलं न्हाई, सुनेला मागायची लाज वाटती. तवा हे वाचून कुणी हिंगोलीला गेलं, तर निलमच्या कानावर घाला. म्हणावं, सासूसाठी एक फूल पाठव, अन् वाळवू नको, मऊच पाठव. तिचे दात गेलेत.