गुरुजींनी प्रार्थना सोडली तेव्हा

गुरुजी रागावले की वर्गाची भिंत हादरायची, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजूनही रंगवून सांगतात. काकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, हे मुळीच मान्य नव्हतं. हादरायचा तो फळा, आणि तोही खिळा ढिला झाल्यामुळे. गुरुजींनी एका सुट्टीत तो खिळा बदलला आणि त्यांच्या रागाचा दरारा त्या दिवशीच संपला, असं त्या सांगत.

मुलांवर कधी हात न उगारलेल्या या माणसाला मुलांनी ‘ठोकेगुरुजी’ हे नाव ठेवलं, ते हातोडीमुळे. त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी ती असायचीच. शाळा सुटली की ते डुगडुगणारे बाक उलटे पाडून बसत. घरी जाताना कुणाची न लागणारी कडी, कुणाचा गळका नळ वाटेतच त्यांना धरून ठेवी. घरातही त्यांच्या हाताची खूण नाही असा कोपरा नव्हता. थोरल्याचा पाळणा, धाकटीचं अभ्यासाचं टेबल, आणि काकूंच्या उंचीला बेतलेला स्वयंपाकाचा ओटा. पाहुण्या बायका म्हणायच्या, “अगंबाई, किती बुटका ओटा हा!” काकू म्हणायच्या, “माझ्या मापाचा आहे. तुमच्यासाठी नाही केलेला.”

पहाटे मात्र गुरुजी हातात काहीही धरत नसत. आतल्या खोलीत जमिनीपासून वीतभर उंचीवर त्यांनी भिंतीत एक फळी बसवली होती. तिच्यावर एक दिवा आणि आईकडून आलेला धर्मग्रंथ. तिच्यासमोर चटईवर मांडी घालून ते मोठ्यानं प्रार्थना करत. स्वयंपाकघरात काकूंना शब्दन् शब्द ऐकू येई. “कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मुलीला बरं वाटू दे. त्याच्या मशीनचं मी बघतो.” देवाशी त्यांची अशी कामाची वाटणी होती. माणसं त्यानं सांभाळायची, वस्तू यांनी.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी शेजाऱ्यांची पन्हळ नीट करताना ते शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. पण त्या दुखण्यानंतर हातांना कंप सुटला, तो गेला नाही. जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि घरातली पहाट मुकी झाली.

काकूंना पायाची काळजी नव्हती. पाय सावकाश सुधारत होता. त्यांना दिसत होतं ते वेगळंच. गुरुजी जेवत, औषधं घेत, विचारलं तर उत्तर देत; पण माणूस खुर्चीत बसल्या बसल्या घरातून निघून चालला होता. त्याला परत आणायचं, तर पहाटेचा तो आवाज परत यायला हवा, एवढंच काकूंना कळत होतं.

“खुर्चीत बसून करा की,” त्या म्हणाल्या.

“देव खाली आणि मी वर? शाळेत साहेब आले तरी मी खुर्ची सोडायचो.”

“मग देवाला वर घेऊ.”

“ती फळी निघायची नाही,” गुरुजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

सुनेबरोबर ते तपासणीला गेले, त्या सकाळी काकूंनी थोरल्याला हाक मारली. थोरला बँकेत कारकून. घरात बल्ब बदलायचा तरी बायकोला शिडी धरायला लावणारा.

“आई, बाबांच्या सुतारकामाला मी हात लावू? मला या घरात राहायचंय अजून.”

“तू नुसता धर. ठोकते मी.”

फळी एकही खिळा न मारता खाचांमध्ये बसवलेली होती. ती निघाली ती भिंतीचा मोठा पोपडा घेऊनच. मग खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर दोघांनी ती खिळे ठोकून बसवली. डावीकडून वर करावी तर उजवीकडून खाली जाई. शेवटी थोरल्यानं हात टेकले. “बाबांनी पाहिलं, तर हसून हसून टाके उसवतील त्यांचे.”

गुरुजी आले. हसले नाहीत. वॉकरवर भार देऊन त्यांनी फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली.

“कोणी केलं?”

“मी.”

“वाकडी आहे.”

“डोळे आहेत मला. बसणार का नाही ते सांगा.”

“नाही.”

थोरला आणि सून हळूच बाहेर सटकले. इतक्या दिवसांचा धीर काकूंच्या हातून सुटला. “आता खाली-वरचं निमित्त राहिलं नाही. आता खरं काय ते सांगा. देवावर रुसलात?”

“त्याच्यावर कशाला रुसू? मीच शिडी नीट टेकवली नव्हती.” गुरुजी खुर्चीत बसले. थरथरणारे हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. “आजवर जे मागितलं, त्यातलं अर्धं मी करायचो. आता नुसतं मागायचं? शिंप्याच्या मुलीला बरं कर, आणि मी काय, बसून राहतो? हे हात घेऊन कसा जाऊ त्याच्यासमोर?”

काकू त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या. त्यांचा आवाज खाली आला होता.

“तुमच्याकडे हातोडी होती. माझ्याकडे काय होतं? थोरला तापानं फणफणला होता, तेव्हा तुम्ही त्याच्या पाळण्याची करकर थांबवत होतात. मी नुसती मागत होते. जन्मभर रिकाम्या हातांनीच गेले मी. मला नाही कुणी परत पाठवलं.”

गुरुजी वॉकर ओढून उठले आणि बाहेरच्या खोलीत गेले. रात्री जेवून तसेच झोपायला गेले. काकूंनी आशा सोडली होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

पहाटे वॉकरचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. काकूंनी दूध गॅसवर ठेवून दारातून डोकावलं. वाकड्या फळीसमोर गुरुजी हात जोडून बसले होते. हात थरथरत होते आणि त्यांनी ते लपवले नव्हते. ओठ हलत नव्हते. शब्दच सापडत नव्हते बहुधा. काकू पाय न वाजवता मागे वळल्या.

“जाऊ नकोस,” गुरुजी म्हणाले. “कसं मागायचं ते मला नीट येत नाही. तू सुरू कर.”

एवढ्या संसारात त्यांनी काकूंना काही शिकव म्हणून सांगितल्याची ही पहिलीच वेळ. काकू खुर्चीला टेकून बसल्या आणि शेजारपाजारचं एकेक नाव हलक्या आवाजात घेऊ लागल्या. प्रत्येक नावानंतर गुरुजींचा आवाज मागोमाग येत गेला. दूध उतू गेल्याचा वास घरभर पसरला, तरी दोघांपैकी कोणीही उठलं नाही.