किनारीची पट्टी बांधलेलं वांगं

खोकं दारात आलं तेव्हा रामदास मास्तरांची दाढी अर्धीच झाली होती. उरलेली अर्धी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुरतेत लूम्सच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, माग अडला की जो माणूस पान्हा घेऊन धावतो, त्याला मास्तर म्हणतात. रामदासांनी छत्तीस वर्षं ही धावपळ केली आणि मग एका दिवाळीला हार-नारळ घेऊन गोडादऱ्यातल्या आपल्या रो-हाऊसमध्ये येऊन बसले. बसले म्हणायचं आपलं. आठ महिन्यांत त्यांनी घरातली एकूण एक वस्तू खोलून दुरुस्त केली, न बिघडलेल्यासुद्धा. मिक्सर तर इतका जोरदार झाला की चटणी भांड्यात कमी आणि भिंतीवर जास्त. शेवटी मंदाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, हात टेकले.

"ओ अश्विनीना बाप, आते मशिनी बास. काहीतरी जित्तं करा."

एवढं निमित्त पुरलं. घरामागच्या मोकळ्या जागेत भाजीपाला लावायचा, आणि लावायचा तर साधासुधा नाही, ग्रीनहाऊसमध्ये! त्यांची लेक अश्विनी एका साड्यांच्या पेढीत ऑनलाइन ऑर्डरी बघायची. ती तीन संध्याकाळी फोन घेऊन बापाशेजारी बसली. पडद्यावर एकापेक्षा एक किट येत होते आणि मास्तरांचे प्रश्न संपत नव्हते. पाइप किती जाडीचा? जोड लोखंडी की प्लास्टिकचे? चेनचे दात कसले?

"पप्पा, हे ग्रीनहाऊस आहे, माग नाही," अश्विनी म्हणाली.

"सांगाडा हालला की माल बिघडला. इथूनतिथून सगळं एकच," मास्तर म्हणाले.

अखेर सहा बाय आठ फुटांचं किट ठरलं. लोखंडी पाइप, वरून पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, चेनचा दरवाजा, गुंडाळून वर करायच्या दोन खिडक्या. खोक्यावरच्या चित्रात एक गोरा माणूस टोमॅटोची टोपली घेऊन हसत उभा होता आणि त्याच्या अंगात जाड स्वेटर होता. त्या स्वेटरकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही.

सांगाडा उभा करताना मास्तरांनी सूचनांचा कागद बाजूला सारला. कागद वाचून माग लावतो तो कसला मास्तर? परिणाम असा झाला की मागच्या कोपऱ्यातला एक पाइप उलटा बसला आणि तिथलं आवरण जमिनीपासून चार बोटं वर राहिलं. मास्तरांना त्या फटीची फार लाज वाटली. कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी तिथे पत्र्याचा रिकामा डबा ठेवून दिला.

मग मंदाने ट्रंकेतून एक कापडी पुरचुंडी काढली. अमळनेरकडच्या तिच्या माहेरची भरताची वांगी. हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातभर पानांच्या झाडांना लागणारी. तिची आई दरवर्षी त्यांचं बी धरायची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. भाऊ आता नर्सरीतून संकरित रोपं आणायचा. आईच्या वांग्याचं जे काही जगात उरलं होतं, ते त्या पुरचुंडीत होतं.

"मन्ही मायनं बी शे. दुसरीकडे कोठेच नही," मंदा म्हणाली. "जपीसन."

मास्तरांचा ऊर भरून आला. पुरचुंडी कपाळाला लावून त्यांनी तिथल्या तिथे घोषणा केली की यंदा चंपाषष्ठीला खंडोबाचा भरताचा नैवेद्य या वांग्यांचा. त्यांच्या घरी आषाढी एकादशीला वांगं बंद व्हायचं ते चंपाषष्ठीलाच तोंडी लागायचं. आषाढी नुकतीच उलटली होती, म्हणजे हाती साडेचार महिने होते. घरात घोषणा करून भागतंय का? त्यांनी गल्लीत जाऊन अकरा घरांना भरीत-भाकरीचं आमंत्रणही देऊन टाकलं.

"मास्तर, आंधी वांगं तं उगू द्या!" शेजारच्या, अकोल्याकडच्या उषाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

वांगं उगवलं. आठव्या दिवशी मातीतून हिरवे कोंब वर आले आणि मास्तर सकाळी चहाआधी, चहानंतर आणि चहा घेऊनच आत जाऊ लागले. त्यांनी रोपं मोजली, एकूण बावन्न. भेटेल त्याला ते हाताला धरून मागे नेत. दूधवाल्याने बावन्न रोपं पाहिली, गॅसवाल्याने पाहिली, मीटर बघायला आलेल्या माणसाने तर दोनदा पाहिली.

श्रावणात कानबाई देवी बसली. खानदेशी माणसाच्या घरी कानबाई म्हणजे घर पाहुण्यांनी फुटायची वेळ. रविवारी नैवेद्याचे रोट झाले, सोमवारी कानबाईला वाजतगाजत तापीवर निरोप द्यायला सगळे निघाले. गर्दीत कुणाचं पोर किंवा कुणाची शेळी रोपांत शिरायला नको म्हणून मास्तरांनी दोन्ही खिडक्या खाली सोडल्या आणि दरवाजाची चेन खालपर्यंत ओढली. आठवडाभर आभाळ गळत होतं. ते नेमकं त्या सकाळी उघडलं. असं ऊन पडलं की मिरवणुकीतल्या बायकांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

दुपारी तीनला परत येऊन मास्तरांनी चेन उघडली. आतून भाकरीच्या तव्यासारखी वाफ तोंडावर आली. रोपं उकडलेल्या मेथीसारखी मातीला चिकटून पडली होती.

मंदा मागे येऊन उभी राहिली. तिने एक रोप चिमटीत उचलून पाहिलं. मग तिने साधंच विचारलं, "उरेल बी कथं शे?"

मास्तर खिडकी गुंडाळून वर करू लागले.

"उरेल बी?" तिने पुन्हा विचारलं.

"उरनं नही. बठ्ठं टाकी दिधं."

आता यात मास्तरांचं काय चुकलं? मागावर सुताचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, चढवतात तो अख्खा. अर्धा बीम कुणी उद्यासाठी ट्रंकेत ठेवत नाही. आणि मंदा शेतकऱ्याची लेक. बी सगळं पेरायचं नसतं, निम्मं मागे ठेवायचं असतं, हे कुणाला सांगावं लागतं हेच तिला ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षांच्या संसारात दोघांची अशी चुकामूक पहिल्यांदाच झाली होती. मंदा रागावली असती तर बरं झालं असतं. ती पदर डोळ्याला लावून आत गेली, आणि मास्तरांना आपल्या हाताची लाज वाटली.

ते तिथेच मातीत बसले. मेलेली रोपं एकेक उचलू लागले. मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा वाऱ्याने की कशाने कलंडला होता, आणि त्या चार बोटांच्या फटीशी तीन रोपं मान वर करून उभी होती. उलट्या पाइपने हवा आत सोडली होती.

"मंदाऽऽ!" मास्तर असे ओरडले की उषाबाई हातातली परात घेऊन धावत आल्या. "तीन जित्ता शेतस! तीन!"

त्या दिवशी मास्तरांनी सूचनांचा कागद पहिल्यांदा वाचला, आणि खोक्यावरचा स्वेटरही पहिल्यांदा पाहिला. ज्या मुलखात माणूस बागेत स्वेटर घालतो, तिथलं हे घर. सुरतेत त्याला ऊब द्यायची नव्हती, वारा द्यायचा होता. वरचं प्लास्टिक पावसासाठी राहू द्यायचं आणि चारी बाजूंना जाळी लावायची! मास्तरांच्या अंगात पुन्हा वीज आली. जाळी म्हणजे शेवटी कापडच, आणि कापडात रामदासला कोण शिकवणार?

दुसऱ्याच दिवशी ते बाजारातल्या एका दुकानात जाऊन उभे राहिले. किडीसाठीची जाळी इंचात किती तार यावर विकतात, हे ऐकून त्यांना हसूच फुटलं.

"काका, चालीसनी जाळी छे. आंख मींचीने लई जाव," दुकानदार म्हणाला.

मास्तरांनी खिशातून घडीचं पितळी भिंग काढलं. कापडाचे धागे मोजायचं हे भिंग निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी खात्यात सोडलं नव्हतं. जाळीवर भिंग टेकवून ते वाकले आणि नखाने तार मोजू लागले. दुकानातली गिऱ्हाइकं जमा झाली.

"आंख उघाडीने लईश, भाई. चोत्रीस छे."

दुकानदाराने स्वतः मोजलं. दोनदा मोजलं. चौतीसच. मग मुकाट्याने आतून दुसरा गठ्ठा आणला. त्यात चाळीस भरले, आणि मास्तर जाळी खांद्यावर टाकून गड जिंकल्यासारखे घरी आले.

जाळी बसली, शिवण मारली, या वेळी पाइपही कागद बघून लावले. फटीजवळच्या पाइपाला मात्र त्यांनी हात लावला नाही. तिन्ही रोपं मोठ्या कुंड्यांत गेली. गणपतीत एक रोप मर रोग लागून गेलं तेव्हा मास्तर दोन वेळा जेवले नाहीत. उरलेली दोन छातीला लागली. दसऱ्याला जांभळी फुलं आली आणि गळू लागली. जाळीत वारा पुरेना. मग मास्तर रोज सकाळी आत जाऊन फांद्यांना टिचक्या मारू लागले, खटक-खटक, मागाच्या ठेक्यात. मंदा चहा घेऊन दारात उभी राहून बघायची. एकदा तिला हसू आलं. कानबाईनंतर पहिल्यांदाच.

फळं धरली ती तीन. दोन मुठीएवढी, आणि एक असं की बघत राहावं. लांब, हिरवंगार, चकचकीत, पांढऱ्या रेघांचं. अगदी आईच्या शेतातलं. गल्ली रोज येऊन त्याला बघून जायची. "मास्तर, हे एकटं अकरा घरांना पुरतं," उषाबाई म्हणाल्या, आणि मास्तरांची छाती फुगली.

चंपाषष्ठीची सकाळ उजाडली. देव्हाऱ्यात भंडारा उधळायला तयार होता, गल्ली दुपारी जेवायला यायची होती. मंदा ताट आणि सुरी घेऊन मास्तरांकडे आली.

"चला. मोठंच तोडा," ती म्हणाली. "गावभर सांगं शे तुम्ही. तुम्हनी लाज ऱ्हावाले पाहिजे."

ती हे हसून म्हणाली, पण ताटाची कड तिने घट्ट धरली होती. मास्तर पुढे झाले आणि जाळीची चेन उघडली.

मोठ्या वांग्याच्या देठाला साडीच्या किनारीची लाल पट्टी बांधलेली होती. व्यवस्थित दुहेरी गाठ, मागावर तुटलेला धागा जोडतात तशी. बियाण्याच्या फळाला मंदाची आई अशीच चिंधी बांधायची. ते तोडायचं नाही, झाडावर पिवळं होऊ द्यायचं.

"कधी बांधी?" मंदाने विचारलं.

"आठ दिवस व्हयनात." मास्तरांनी सुरी हातात घेतली आणि दोन छोटी वांगी तोडून ताटात ठेवली. "देवले हाई पुरतंस. गल्लीले बाजारनं भरीत करू."

मंदा खाली बसली आणि त्या पट्टीला हात लावून रडली, मोकळेपणी, उषाबाई ओट्यावरून बघत असतानाही. मास्तरांनाही रडू आलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावून जाळी तपासण्याचं सोंग केलं.

त्या दुपारी अकरा घरांनी बाजारातल्या वांग्यांचं भरीत खाल्लं, आणि नैवेद्यातलं प्रत्येकाच्या भाकरीवर बोटभर आलं. मास्तर ताटं वाढताना सगळ्यांना सांगत होते की खरं वांगं मागे आहे, बघून जा, पण कुणी तोडायचं नाही.

माघात ते पिवळं झालेलं फळ फोडलं. बी धुऊन जुन्या साडीवर वाळत घातलं. मंदा पुरचुंडीसाठी कापड आणायला आत गेली आणि परत आली तेव्हा मास्तर जमिनीवर पालथे पडून, भिंग लावून, बियांचे दोन ढीग करत होते. मोठा ढीग त्यांनी तिच्याकडे सरकवला.

"हाऊ ट्रंकमा ठेव," ते म्हणाले. "आणि कुलूप लाव. मी मांगं तरी देऊ नको."