कीबोर्डवरचा उपडा टंबलर

त्या दिवशी अक्काच्या टेबलावरच्या पडद्यावर ते पान उघडं होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि बंद केलं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मी तंजावुरातल्या एका खाजगी इस्पितळात कंप्यूटरचं काम पाहतो. इंजिनिअर वगैरे नाही. ऐन विशीत लागलो तेव्हा डॉसवरचा एक प्रोग्राम होता, निळ्या पडद्याचा. लॅब, केस पेपरची खिडकी, औषधांचं दुकान आणि दोन वॉर्ड, एवढ्या टेबलांवर तोच चालायचा. त्याची डागडुजी करता करता माझे केस पिकले. अक्का लॅबमध्ये सगळ्यांत जुनी. ती आमच्या गल्लीतली, राजवाड्याच्या मागची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. इस्पितळात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. आम्ही बोलायला लागलो की खिडकीवरची मुलगी तमिळमध्ये म्हणायची, "झालं, राजा-राणीचा दरबार भरला. आता आपल्याला काही कळणार नाही."

जुन्या प्रोग्रामची एक खोड होती. एका टेबलावर कोणी रुग्णाचं पान उघडलं की ते इतरांना उघडता येत नसे. ते पान दुसरीकडे उघडं आहे एवढंच वाक्य यायचं. सगळे त्याला शिव्या द्यायचे. अक्काने मात्र या खोडीचा उपयोग करून घेतला होता. एखादा रिपोर्ट तिला खटकला, नळ्यांची अदलाबदल झाली असावी असं वाटलं, की ती ते पान आपल्या टेबलावर उघडायची, कीबोर्डवर कॉफीचा स्टीलचा टंबलर उपडा ठेवायची आणि पुन्हा रक्त काढायला निघून जायची. ती परत येईपर्यंत तो रिपोर्ट ना खिडकीवर छापता यायचा, ना वॉर्डात दिसायचा. नव्या मुली टंबलर उचलायला गेल्या तर म्हणायची, "हात लावू नका. माझं कुत्रं बसलंय तिथं."

कुठल्याही कागदावर हे लिहिलेलं नव्हतं.

मग जुनी यंत्रं मरायला लागली. त्यांचे भाग त्रिचीतही मिळेनात. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे इस्पितळाच्या मालकांनी, मला बोलावलं. म्हणाले, "नवं काय घ्यायचं ते तुम्ही सांगा. नाहीतर चेन्नईची एक कंपनी तयार आहे, ते सगळंच घेतील." सगळंच घेतील म्हणजे मला घरी पाठवतील, हे मला कळलं. पन्नाशीला आलेल्या, डॉस जाणणाऱ्या माणसाला तंजावुरात कोण उभं करणार?

मी तीन साधनं पाहिली. पहिलं जुन्याच प्रोग्रामला नव्या यंत्रांवर चालवायचं. दिसायला तोच निळा पडदा, पण सगळ्या खोडी शाबूत. दुसऱ्यात डेटा मोठ्या सर्व्हरवर न्यायचा आणि एकेक स्क्रीन हाताने नव्याने लिहायची. ते मला जमेल याची खात्री नव्हती. तिसरं जुन्या फायली गिळायचं आणि ब्राउझरमध्ये चालणारी रंगीत पानं आपोआप काढून द्यायचं. चार दिवसांत मी नमुना उभा केला आणि डॉक्टरांना त्यांच्याच मोबाइलवर दाखवला. ते हसले. म्हणाले, "तुम्ही तर चेन्नईला मागे टाकलंत." इतक्या वर्षांत ते माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले होते.

यानंतर मी सगळ्या टेबलांवर जाऊन, नव्यात काय हवं ते वहीत लिहून घेतलं. खरं तर हे आधी करायचं असतं. अक्का म्हणाली, "अस्के नवं कर रे, अगदी सगळं. मज काय, मी शिकेन. पण मी पान धरून ठेवते ना, ते एक तसंच ठेव." मी लिहिलं: लॅब, पान धरून ठेवणे.

घरी येऊन तिसऱ्या साधनाचं माहितीपुस्तक उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की पान कोणासाठीही अडवलं जात नाही. दोघांनी एकाच वेळी बदललं तर जतन करताना सूचना मिळेल, इतकंच. उघडणं, वाचणं, छापणं सगळ्यांना मोकळं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही साधनांचा तक्ता डॉक्टरांना द्यायचा होता. वहीतली एकेक ओळ तक्त्यात उतरवत गेलो. अक्काच्या ओळीपाशी थांबलो. ती उतरवली असती तर तिसऱ्या साधनापुढे फुली पडली असती. मी ती ओळ खोडली नाही. नुसती उतरवली नाही आणि खालची घेतली.

तिसरं साधन ठरलं. नव्या प्रोग्रामच्या शिकवणीच्या दिवशी अक्काने विचारलंच, "आणि धरून ठेवायचं?"

मी म्हणालो, "ते होईल, अक्का."

भविष्यकाळात बोललो म्हणजे खोटं बोललो नाही, अशी मनाची समजूत घातली. तिने ते झालंच असं धरलं. पुढच्याच आठवड्यात तिच्या कीबोर्डवर उपडा टंबलर दिसला. तेव्हाच सांगायचं होतं. मी जिन्यावरून मागे फिरलो. त्या वेळी काही घडलं नाही. पुढेही दोन-तीनदा घडलं नाही. पण रोज सकाळी इस्पितळाच्या फाटकातून आत जाताना मी आधी वर लॅबच्या खिडकीकडे बघायचो. टंबलर तिथून दिसत नाही, तरी बघायचो.

आणि मग तो दिवस आला. बायकांच्या वॉर्डात एकाच नावाच्या दोघी होत्या, एक ओरत्तनाडू गावची, दुसरी पापनाशमची. पापनाशमच्या बाईची साखर भलतीच वाढलेली आली. आदल्या दिवशी ती कमी होती. अक्काला खटकलं, दोघींच्या नळ्या बदलल्या असाव्यात. तिने पान उघडलं, टंबलर उपडा ठेवला आणि स्वतः रक्त काढायला निघाली. जिना उतरून, अंगण ओलांडून ती वॉर्डात पोचली तेव्हा नर्स रिकामी सिरिंज ट्रेमध्ये ठेवत होती. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने स्क्रीनवर आकडा पाहून इन्सुलिन द्यायला सांगितलं होतं. जुन्या प्रोग्रामात त्याला तो आकडा दिसलाच नसता.

ओरडा झाला तेव्हा मी लॅबच्या मजल्यावर प्रिंटर बघत होतो. खालून कोणीतरी सांगितलं, चुकीचा रिपोर्ट गेला, बाई घामाने भिजलीय. मी अक्काच्या टेबलापाशी धावलो. खोलीत कोणी नव्हतं. टंबलर उपडा होता. पडद्यावर पापनाशमच्या बाईचं पान, म्हणजे माझ्या प्रोग्रामने ते अडवलं नव्हतं याचा पुरावा. मी टंबलर उचलला, पान बंद केलं, टंबलर खिडकीत सरळ करून ठेवला. तो गजांवर आपटून वाजला. हे सगळं मिनिटभरात झालं. मी ते विचार करून केलं नाही असं म्हणायला मला आवडेल, पण टंबलर सरळ ठेवायला हवा हे मला सुचलं होतं.

मग वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. दुसरीकडे जाता येईना. शेजारी त्या बाईची मुलगी बसली होती, सकाळच्या गाडीने पापनाशमहून आलेली, मांडीवर जेवणाचा डबा. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून तिने विचारलं, "सार, अम्माचं काय झालं? तुमच्या कंप्यूटरवर काही दिसतं का?"

"डॉक्टर बघताहेत," मी म्हणालो.

"सकाळी बोलत होती हो. मला म्हणाली, दोसा करपवतेस तू."

आत अक्काचा आवाज येत होता. ग्लुकोज तिनेच लावायला लावलं होतं. ती मिनिटामिनिटाला बोटातून रक्त घेत होती आणि आकडा मोठ्याने म्हणत होती. मी ते आकडे ऐकत बसलो. एकदा आकडा आलाच नाही. तेवढ्यात मी आयुष्यात केलेले सगळे नवस आठवले. मग आकडा आला. दिवेलागणीच्या सुमाराला त्या बाईने डोळे उघडले आणि मुलीला विचारलं, जेवलीस का.

बाई वाचली. अक्काचं मात्र तिथून पुढे बिघडत गेलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्हा दोघांना बोलावलं. डॉक्टर अक्काकडे हात करून मला म्हणाले, "अम्मा म्हणतात, त्यांनी पान धरलं होतं. तुमच्या यंत्रात तसं दिसतं का?"

"उघडल्याची नोंद त्यात राहत नाही, सार. जतन केल्याचीच राहते."

"म्हणजे उघडलं नसेल."

जे बोललो होतो त्यातला शब्दनशब्द खरा होता.

अक्का माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "मी टंबलर ठेवला होता रे. ठेवूनच गेले. तू वर होतास. पाहिलास ना?"

"आठवत नाही, अक्का."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात संशय असता तर मला सोसलं असतं. ती नुसती आठवत होती. मग म्हणाली, "परत आले तेव्हा तो खिडकीत सरळ होता खरा. मग मजच चुकलं असेल."

त्याच आठवड्यात मी प्रोग्राममध्ये थांबवा असं एक लाल बटण घातलं. ते दाबलं की रिपोर्ट कोणालाच दिसत नाही. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. डॉक्टरांनी शाबासकी दिली.

अक्काने मुदतीच्या आधी नोकरी सोडली. कोणी काढलं नाही. ती म्हणाली, माझ्या हातून उद्या कोणी मरेल.

आता ती घरीच असते. गॅस बंद केला का ते बघायला ती चारदा उठते, कुलूप लावून गल्लीच्या तोंडापर्यंत येते आणि परत जाते. गोळ्या घेतल्या की कॅलेंडरवर तमिळमध्ये लिहून ठेवते आणि संध्याकाळी सुनेला विचारते, हे मीच लिहिलं का. मागच्या महिन्यात भाजीच्या गाडीपाशी भेटली. मी वांगी निवडत होतो. ती म्हणाली, "दह्यातली डांगर पच्चडी करायची म्हणून निघाले होते. पण उडीद डाळ भाजली की नाही ते आठवेना. माझं डोकं आता भरवशाचं नाही रे. तुला तर माहीतच आहे, तेव्हापासूनच."

मुलगा तिला त्रिचीला मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहे. तिचं डोकं कधीपासून बिघडलं, हे तिथे विचारतील, आणि ती तो दिवस सांगेल.

मला अजून भीती वाटते. नोकरीची वाटते, त्या पापनाशमच्या मुलीची वाटते, फोन वाजला की वाटते. आणि हे मराठीत का लिहितोय, तेही आता सांगून टाकतो. आजोबांनी मला देवनागरी शिकवली होती. इस्पितळात ती कोणाला वाचता येत नाही. अक्कालाही येत नाही. ती मराठी बोलते, वाचते तमिळ. म्हणजे कबुली देतानाही मी आडोसा शोधलाच आहे.

ते पान उघडं होतं. टंबलर उपडा होता. तिला सगळं बरोबर आठवत होतं. हे मला तिच्या घरी जाऊन, तिच्या मुलासमोर तोंडाने सांगायचं आहे, आणि मग मोठ्या डॉक्टरांना तमिळमध्ये लिहून द्यायचं आहे. त्रिचीला जायच्या आधी. अजून दोन्ही केलेलं नाही.