रुमालाखालचा सौदा

प्लेगाच्या साली गेवराईतल्या माझ्या गोदामात उंदीर मेले आणि हमाल कामं टाकून दाराबाहेर बसले. ज्वारीची पोती आत, भाड्याच्या गाड्या बाहेर, आणि केजकडून नुकताच आलेला त्यांचा पुढारी निवांत तंबाखू मळतोय. काटकुळा माणूस, पण बोलण्याआधी तळहातावर अशी थाप मारायचा, जणू निजामाचा फैसलाच सुनावतोय.

याला मजुरी वाढवून हवी, हे मी लगेच ओळखलं. आडतीच्या रिवाजाप्रमाणे रुमालाखाली त्याचा हात धरला आणि एक बोट दाबलं, म्हणजे एक आणा वाढ. त्यानं मान हलवली. मी दोन दाबली. त्यानं सगळ्यांदेखत रुमालच उचलला.

"आप्पा, बोटं वाढवू नका. उंदीर काढा, कडुलिंबाचा धूर करा. न्हाईतर तुमची बोटं मोजायला आमच्यातलं ऱ्हाईल कोण?"

हमाल खो खो हसले. माझं डोकं फिरलं.

"नाव काय बे तुझं?"

"नाव कशाला, आप्पा? मला एकट्याला कामावरून काढायला?"

शेवटी धूर मलाच करावा लागला. खोकून घसा सोलून निघाला. त्याला मनसोक्त शिव्या द्याव्यात म्हटलं, तर शिवी घालायलाही नाव लागतं. तेवढंसुद्धा त्या लबाडानं माझ्या हाती लागू दिलं नाही.