दाजीचं भरलेलं मॅगझिन

दाजीला सगळं जग बावळट वाटायचं, आणि त्यातही बंदुकीचे गेम खेळणारं जग तर पार कामातून गेलेलं.

'दाजी' हे काही त्याचं नाव नव्हे. तो मेहुण्याचा दाजी. पण मेहुणा खेळताना माइकवर सारखा "दाजी, डावीकडे! दाजी, मागं बघा!" असं बोंबलायचा, म्हणून ज्यांनी याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं तेसुद्धा याला दाजी म्हणायला लागले. याला ते आवडलं. एका लग्नात एवढे मेहुणे कुणाला मिळतात?

दिवसा दाजी काचा कापायचा. लांबट, अंधारं दुकान. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, मधे फेल्टचं जाड लोकरी कापड अंथरलेलं टेबल, पायाखाली कायम करकर. काच कापायच्या हिऱ्याने एक रेघ ओढायची, खालून बोटाने ठोकायचं आणि काच बरोबर रेघेवर मोडायची. घरीसुद्धा टेबलावर, कपाटाला, फळ्यांना, जिथे बसेल तिथे त्याने उरलेली काच बसवलेली. फक्त कॉम्प्युटरसमोर लाकडी फळी आणि तिच्यावर दुकानातलं फेल्ट, कारण काचेवर माउस भरकटतो. बायको म्हणायची, "माझ्या ओट्याची काच अजून येतेच आहे. उंदराला मात्र गादी लगेच!"

त्या गादीवर हात ठेवून दाजी निकाल द्यायचा. अपील नाही.

फोनवर अंगठ्याने गोळ्या झाडणारे? "अंगठ्याने फोटोला लाइक द्यावा माणसाने." कन्सोलवर खेळणारे? "नेम यंत्र धरतं आणि हे टाळ्या घेतात." एकमेकांना मारून नंबर लावायचे गेम? "भर चौकात एकमेकांच्या कानाखाली वाजवायची आणि वर पहिला कोण ते विचारायचं!" एकट्या वीराने अख्खी फौज गारद करायची, असला गेम निघाला की त्याला हसूच फुटायचं. "फौज काय दवाखान्यात आलीय? एकेक जण नंबर लावून मरायला येतोय." आणि ज्या कंपन्या त्याच बंदुकीला जांभळा रंग फासून विकतात, त्यांच्याबद्दल तो जे बोलायचा ते इथे छापता येणार नाही. रंग विकत घेणाऱ्यांबद्दल बोलायला लागला की तर बायको दार लावून घ्यायची.

सगळ्यांत मोठा तिरस्कार मात्र एका सवयीचा. दोन गोळ्या झाडल्या की लगेच मॅगझिन, म्हणजे बंदुकीतली गोळ्यांची पेटी, बदलायचं. समोर शत्रू, बंदूक भरलेली, आणि याची बोटं आपोआप त्या बटणावर. "दोन घास खाऊन हात धुणारी जात!" दाजी म्हणायचा. "भीती बोटांत असते यांच्या."

त्याच्या लेखी एकच खेळ खेळण्यासारखा होता. चौघांनी मिळून खेळायचा. एक मोठं धरण, आत अंधार, पाण्यातून वर येणारे राक्षस, आणि पलीकडे पोचायला एक पूल. कुणी जखमी झाला की तो जमिनीवर पडतो आणि सरपटतो. सोबत्याने जवळ जाऊन बटण दाबून धरायचं, मग तो उठतो. नाही धरलं तर थोड्या वेळाने मरतो. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीत दाजीला आपलं दुकान दिसलं.

दुकानात मोठी काच दोघे उचलतात. एका टोकाला दाजी, दुसऱ्या टोकाला मेहुणा. याने "धर" म्हणायचं, त्याने "धरलं" म्हणायचं, मगच पाऊल. ठेवताना "सोड" ऐकल्याशिवाय बोट हलवायचं नाही. मग माशी नाकावर बसो की मालक डोक्यावर. एकाने लवकर सोडलं तर दुसऱ्याचा हात जातो. दाजीने हाच कायदा गेममध्ये आणला. पडलेल्याने ओरडायचं "धर". जवळच्याने म्हणायचं "धरलं". मग बाकी सगळं बंद. शिकार बंद, नेम बंद, आधी माणूस उचलायचा.

एकीच्या गप्पा मारणारे पैशाला पासरी मिळतात. माइक स्वतःच्या हातात असेपर्यंत त्यांची एकी टिकते. दाजीही त्यांच्यातलाच, पण त्याच्या एकीला निदान कायदा होता, आणि तो पाळायला तीन माणसं होती. एक मेहुणा. दुसरी ताई, दूरच्या शहरात दवाखान्यात रक्त तपासायची. राक्षस अंगावर आला तरी आवाज चढायचा नाही. तिसरे मास्तर, गणिताच्या शिकवण्या घ्यायचे आणि दर वेळी दारूगोळा कुठे विसरलो ते विसरायचे. दाजी तिघांनाही शिव्या घालायचा. तिघेही रविवारी दुपारी जेवण उरकून हजर व्हायचे. तो पूल त्यांना कधीच ओलांडता आला नव्हता.

मग ताई महिनाभर आईच्या आजारपणात अडकली आणि तिच्या जागी मास्तरांनी आपला भाचा आणला. भाचा हेल्मेटच्या दुकानात विक्रेता. नंबरवाल्या गेममध्ये त्याचं नाव वरच्या ओळींत असायचं, आणि ते तो न विचारता सांगायचा. मेहुण्याने त्याला 'तोफ' म्हणायला सुरुवात केली. तोफेची बंदूक जांभळी होती.

"काका, तुम्ही मागे राहा, मी साफ करतो," तोफ पहिल्याच दिवशी म्हणाला.

"काका तुझ्या घरी," दाजी म्हणाला. "आणि साफ करायला झाडू घे."

पण तोफ खरंच साफ करायचा. पुढे धावायचा, वळायचा, मारायचा. मेहुणा वेड्यासारखा खिदळायचा. मास्तर "वा, वा" करायचे, गणित बरोबर सुटल्यासारखे. तोफेमुळे चौघे पहिल्यांदा पुलाच्या तोंडापर्यंत पोचले. दाजीने तेवढ्यातही खोट काढलीच. "नेम चांगला आहे. माणूस नाही."

खोटं सांगायचं कशाला, त्यात मत्सर होता. मत्सराला तत्त्वाचा सदरा घातला की तो सभेत बसायला मोकळा होतो. असे सदरे मोर्च्यांत, समित्यांत, सगळीकडे दिसतात. दाजीचा जरा काचेसारखा होता, आरपार दिसायचा, एवढाच फरक.

ताई परत आली. आता माणसं पाच आणि जागा चार.

"यात विचार काय करायचा?" दाजी म्हणाला. "तोफ उठेल."

"दाजी, पण तो आला म्हणून आपण पुलापर्यंत गेलो," मेहुणा म्हणाला.

"तू दुकानात बोल. इथे बोलू नकोस."

"दुकानात पण बोलू देत नाही तुम्ही!"

ताई हसली. म्हणाली, "भांडू नका. या रविवारी मी नुसती बघते. पोरगा आपल्यासारखा खेळतो का, एवढं बघायचं. खेळत असला तर आपण आळीपाळीने बसू. नसला तर तो जाईल." सगळे कबूल झाले. दाजीनेही हो म्हटलं, कारण तोफ आपटणार याची त्याला खात्री होती.

रविवारी ताई आपल्या घरून मास्तरांचा पडदा बघत बसली; त्यावर चौघांच्याही गोळ्यांचे आकडे दिसायचे. आणि तोफ चक्क आपल्यासारखा खेळला. पुढे गेला की थांबायचा. मास्तर पडले तेव्हा "धरलं मामा" म्हणून शिकार सोडून मागे पळाला. मेहुणा पडला, त्यालाही उचललं. दाजीच्या कानात प्रत्येक 'धरलं' खड्यासारखं टोचत होतं. कायदा याचा आणि पाळतोय तो जांभळा!

पूल आला. धूर, किंकाळ्या, पाण्यातून वर येणारे हात. पलीकडे लोखंडी दार, आणि जिवंत असतील तेवढे सगळे दाराशी आले की ते उघडतं. मास्तर आणि मेहुणा कसेबसे दाराशी पोचले. शेवटचा राक्षस तोफेने पाडला आणि पाडता पाडता स्वतः पडला, दाजीच्या पायाशी.

"धर दाजी!"

पहिल्यांदाच त्याने 'दाजी' म्हटलं. काका नाही.

पुलावर कुणी नव्हतं. ना राक्षस, ना धूर. दाजीची बंदूक भरलेली, एक गोळीही कमी नाही. बटणावर बोट ठेवलं असतं तर काम झालं असतं.

"दाजी, धर ना! काय झालं?" तोफ ओरडला.

दाजीने मॅगझिन बदललं. भरलेलं काढून भरलेलं घातलं. खट्ट. मग पुन्हा एकदा. खट्ट.

तोफेचा पडदा लाल झाला, मग काळा. दाजी चालत दाराशी गेला. दार उघडलं. इतक्या रविवारांत कधी न जिंकलेला पूल ते तिघे जिंकले. पडद्यावर सोनेरी अक्षरं नाचायला लागली.

"बघितलं?" दाजी म्हणाला. "पुढे पळणाऱ्याचं असंच होतं."

ताई नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "दाजी, बंदूक भरलेली होती तुमची."

"मागून येत होते राक्षस."

"पूल रिकामा होता. मी बघत होते."

"गडबडीत बोट गेलं!"

"दोनदा?"

मास्तर खाकरले. "पुढच्या रविवारी ताई, मी, मेहुणा आणि भाचा बसू," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा हिशेब चटकन झाला. मेहुण्याने "चालेल" म्हटलं, आणि दाजीला तेच जास्त झोंबलं. "बसा! एकमेकांना ओवाळा!" म्हणून त्याने हेडफोन फेकला. फेकला तोही फेल्टवर. नुकसान करण्याइतकाही दम नव्हता त्या रागात.

दुसऱ्या दिवशी दुकानात सलूनचा आरसा जायचा होता. माणसापेक्षा उंच, कडा अजून घासायच्या राहिलेल्या. टेंपो दारात. दाजीने हातमोजे चढवले, वाकला.

"धर."

मेहुणा पलीकडच्या टोकाला उभा, हात खिशात.

"बहिरा झालास का?"

"दाजी, मला घरी बायको-पोर आहे."

"मग?"

"मग काय. मधेच तुम्हाला माझा राग आला तर?"

दाजीचं डोकं सणकलं. "अरे गाढवा, तो गेम आहे! खेळ आणि काच एक करतोस?"

"मी कुठे केलं? तुम्हीच केलं होतं," मेहुणा म्हणाला. त्याने टेंपोच्या ड्रायव्हरला हाक मारली, "या हो जरा, टोक धरा."

दाजी हातमोजे घालून बाजूला उभा राहिला. त्या ड्रायव्हरला काही कळत नव्हतं. आरसा चुकीच्या बाजूने धरला, बडबड करत उचलला, पायरीवर हेलकावला. ना 'धर', ना 'धरलं'. दाजी मनातल्या मनात म्हणत होता, पडणार, आता पडणार, आता या मूर्खांना कळेल.

आरसा टेंपोत शाबूत चढला. दाजीला त्याचाच जास्त राग आला.