पढवून नेलेली लेक

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात दर गुरुवारी कुणी ना कुणी आपला अनुभव सांगतं. कुणाचा हरवलेला दागिना सापडतो, कुणाच्या पोटातली गाठ विरघळते. मी मागच्या भिंतीला टेकून ऐकते आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात चुका काढत बसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं शिकवल्यावर ही खोड लागते, ती देवळातसुद्धा सुटत नाही. म्हणून मंडळात मी कधी तोंड उघडलं नाही. आता लिहितेय तेही चमत्कार म्हणून नाही. झालं ते असं झालं.

माझी लेक रेवा तेव्हा सव्वापाच वर्षांची होती. हाक मारली तर बघायची नाही. टीव्हीवरच्या जाहिराती अख्ख्या म्हणायची, पण पाणी हवं असलं की मुकाट्यानं माझा हात धरून माठापाशी नेऊन सोडायची. मिक्सर लावला की कानांवर हात, आणि फारच झालं की स्वतःचंच मनगट चावायची. गारखेड्यातल्या आमच्या घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण एक सल्ला ठेवून जायचा. वर्षभर आम्ही तीन ठिकाणी हिंडलो. एकानं कान तपासले, कान उत्तम निघाले. दुसऱ्या बाई म्हणाल्या, मोबाइल बंद करा, आपोआप बोलेल. तिसऱ्यांनी वीस मिनिटांत असं काही लिहून दिलं की परत येताना रिक्षात हे माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. तिघांचे तीन कागद, आणि एकानं काय बघितलं त्याचा दुसऱ्याला पत्ता नाही.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक केंद्र सुचवलं. तिथं मुलांचे डॉक्टर, मानसतज्ज्ञ, बोलण्यावर काम करणाऱ्या थेरपिस्ट आणि हालचाली, स्पर्श, आवाज याकडं बघणाऱ्या थेरपिस्ट असे चौघं एकाच खोलीत, एकाच वेळी मूल बघतात. आईबापांचं ऐकून घेतात, बालवाडीच्या बाईंचं पत्र मागतात, घरचे व्हिडिओ बघतात, आणि चौघं मिळून एकच निर्णय देतात. तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. आमचं सगळं त्या एका सकाळवर होतं. रेवाचं नेमकं काय अडतंय ते कळलं तर योग्य मदत सुरू होणार होती. चुकलं तर आणखी एक वर्ष वाया, आणि या वयातलं वर्ष पुन्हा मिळत नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता माझी अक्कल बघा. शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की आम्ही काय करतो? तक्ते लावतो, पाढे घोटून घेतो, कुणी हात वर करायचा ते आदल्या दिवशी ठरवतो. मी लेकीचंही तेच केलं. क्रांती चौकातून चित्रांच्या कार्डांचा डबा आणला आणि चार महिने रोज सकाळी तिला घोटवलं. हत्ती, छत्री, घड्याळ, बैलगाडी. चुकली नाही की एक बिस्कीट. व्हिडिओ काढले तेही ती शांत बसून हसत असतानाचे. बालवाडीच्या बाई ओळखीच्या होत्या, त्यांना म्हटलं, "थोडी लाजाळू आहे, एवढंच लिहा." त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि तसं लिहून दिलं. हे एकदा म्हणाले, "अगं, आपण तिला दाखवायलाच नेतोय ना?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

तो दिवस शनिवारचा होता. वाटेत रेवाला यांच्यापाशी बाहेर थांबवून मारुतीला तेल वाहिलं आणि हात जोडून म्हटलं, "मारुतीराया, आज लेकीची लाज राख. एक उत्तर चुकू देऊ नकोस." माझी भक्ती तेव्हा ही असली होती.

केंद्राच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी पुन्हा कार्डं काढली. शेजारी सिल्लोडच्या एक वयस्कर मुसलमान बाई आठ-नऊ वर्षांच्या नातीला घेऊन बसल्या होत्या. नात ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. बाईंनी बराच वेळ आमचा अभ्यास बघितला. मग म्हणाल्या, "लेकराला घोटून घेऊ राहिल्या व्हय?"

मी म्हटलं, "मी शिक्षिका आहे."

"तेच म्हणते मी. मास्तरीण लोकांला पास करायची लई घाई!" त्या हसल्या, पण लगेच त्यांचा आवाज उतरला. "आम्ही बी असंच केलं होतं, दुसऱ्या दवाखान्यात. हिला समदं पाठ करवलं. हिनं फटाफट सांगितलं. ते म्हणले, पोरगी ठीक हाय, घरी न्या. दोन साल गेले पाण्यात. सून अजून रडती. अहो बाई, ताप आलेलं लेकरू गार पाण्यानं पुसून डॉक्टरापुढं नेतेत का कुणी? जसं हाय तसं दाखवा. आगे अल्ला मालिक."

मला राग आला. ही कोण मला शिकवणार, असंच वाटलं. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं आणि मी कार्डं पिशवीत कोंबून उठले.

आत खुर्च्या नव्हत्या. चौघंही सतरंजीवर बसले होते. मानसतज्ज्ञांनी चित्रांचा संच काढला, आणि पहिलं चित्र दिसायच्या आत रेवानं भिंतीकडं बघत सुरू केलं, "हत्ती, छत्री, घड्याळ, बैलगाडी..." आमची वीसच्या वीस कार्डं, ओळीनं. त्यांनी विचारलं, "घरी करून घेतलंय का हे?" मी म्हटलं, "नाही हो, येतंच तिला." इतक्या सहज खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. मग त्यांनी साबणाचे फुगे काढले. रेवाला फुगे फार आवडतात. ती हसली, टाळ्या पिटल्या, बिस्किटाच्या आशेनं मांडी घालून गुणी मुलीसारखी बसली. डॉक्टरांनी बालवाडीचं पत्र वाचलं, माझे व्हिडिओ बघितले आणि हळूहळू मान हलवायला लागले. एक थेरपिस्ट काहीतरी लिहू लागल्या.

मला कळलं, आपण जिंकत चाललोय. आणि त्याच क्षणी एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला अक्षर लागत नव्हतं. साहेब यायच्या आदल्या दिवशी मी तिला सांगायची, "उद्या घरीच राहा गं." ती खुशीनं राहायची. ती आज कुठं आहे, मला माहीत नाही. रेवाला मी तेच सांगत होते. माझ्या पोटच्या पोरीला, तिच्याच तपासणीत, घरी राहा म्हणत होते.

पुढचं मी ठरवून केलं नाही. तोंड उघडलं आणि शब्द यायला लागले. "लिहू नका. हे सगळं मी बसवलंय. पत्रसुद्धा मीच सांगून लिहवून घेतलं. ती अशी नाही." मग मनगटाचं सांगितलं, माठाचं सांगितलं, मिक्सरचं सांगितलं. हुंदके देऊन रडत सांगितलं. माझ्यासारख्या बाईला इतकं मोठं धाडस कुणी दिलं, यावर मी वाद घालत नाही. माझ्या अंगचं ते नव्हतं, एवढं मला माहीत आहे.

माझं बोलणं थांबलं तेव्हा यांनी खिशातून मोबाइल काढला. "माझ्याकडं आहेत," म्हणाले. वर्षभराचे व्हिडिओ होते, वाईट दिवसांचे. मी चिडेन म्हणून त्यांनी मला कधी दाखवले नव्हते. एका छोट्या मोबाइलवर चार डोकी वाकली. कुकरची शिट्टी होते आणि रेवा दाराला डोकं आपटते, असा एक होता. हालचाली बघणाऱ्या बाईंनी दाखवलं, शिट्टीच्या आधीच ती चवड्यांवर उभी राहिलीय, तिला चाहूल लागलीय. बोलण्यावर काम करणाऱ्या म्हणाल्या, आपटताना ती जाहिरातीतलं वाक्य म्हणतेय, म्हणजे तिला काही सांगायचंय, पण स्वतःचे शब्द नाहीत. मानसतज्ज्ञ म्हणाले, थांबा, मागं घ्या, ती आधी आईला शोधतेय. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, दाताचं विचारलं. चित्र एकच होतं, पण प्रत्येकानं दुसऱ्याचं ऐकून आपलं मत थोडं सरकवलं. आणि मधूनमधून ते आम्हाला विचारत होते, घरी असंच होतं का? पहिल्यांदा कुणी आम्हाला विचारत होतं.

दुपारी एकच कागद हातात आला. रेवाला स्वमग्नता आहे, आवाज तिला आपल्यापेक्षा कितीतरी मोठे ऐकू येतात, आणि बोलण्याची वाट तिला सापडू शकते. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या कागदात माझी लेक होती. आधीच्या तिन्ही कागदांत ती कुठंच नव्हती.

बाहेर आले तर सिल्लोडच्या बाई तिथंच चहा पीत बसल्या होत्या. मंडळातल्या अनुभवांत मदतीला येणारी माणसं नंतर दिसत नाहीत म्हणतात, या मात्र जशाच्या तशा समोर होत्या. माझे डोळे बघून म्हणाल्या, "रडल्या ना? मग बरं झालं." मी त्यांचे पाय धरायला वाकले तर "अगं ये, काय करती" म्हणून त्यांनी मला उठवून बशीत चहा ओतून दिला.

आता वर्ष होत आलं. रेवा "पाणी" म्हणते. चावणं कमी झालंय, गेलेलं नाही. मारुतीनं मी मागितलं ते दिलं असतं तर आमचं काय झालं असतं, या विचारानं अजून अंगावर काटा येतो. माझं मागणं त्यानं बाजूला ठेवलं, हे त्याचे उपकार मी फेडू शकत नाही. हल्ली मी त्याला काही सुचवत नाही. जे आहे ते त्याच्यापुढं ठेवते.

परवा पहिल्यांदाच रेवाला देवळात घेऊन गेले. कुणीतरी घंटा वाजवली आणि ती जिवाच्या आकांतानं किंचाळली. सगळे वळून बघायला लागले. पूर्वी असतं तर तिला उचलून पळत सुटले असते. मी तिच्या कानांवर हात ठेवले आणि तिथंच फरशीवर बसले. गुरव धावत आले, "काय झालं बाई?"

मी म्हटलं, "आवाज सोसत नाही हिला. माझी लेक अशी आहे."

एवढं वाक्य चारचौघांत मोठ्यानं म्हणायला मला सहा वर्षं लागली. गुरव मागं गेले, हात वर करून घंटा धरली आणि आमचं दर्शन होईपर्यंत तसेच उभे राहिले.